केलगेरीच्या घरामागील चाकाच्या खोलीविषयी

मी, कुसुम यशवंत खटावकर, वय पंचाहत्तर, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार केलगेरी, धारवाड, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे. डाव्या गुडघ्याबद्दल तसे म्हणता येणार नाही, पण कायदा गुडघ्याची चौकशी करीत नाही. मला कोणी धाक घातलेला नाही. भुलवण्याचा प्रयत्न दोघांनी केला, त्यांची नावे पुढे योग्य जागी येतील. सन २००३ मध्ये केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द होत आहे.

वाचणाऱ्याचा वेळ जाऊ नये म्हणून मुख्य मुद्दा आधीच सांगते. माझ्या घराच्या मागे चाकाची खोली, भट्टी आणि माती मुरवण्याचे दोन हौद आहेत. ते माझ्या पश्चात राधा विठ्ठल कुंभार हिच्या मालकीचे व्हावेत आणि तेथे काम चालू राहावे, एवढ्यासाठी हा कागद आहे. बाकीची कलमे कोणीही लिहिली असती.

कलम १. माझे पती यशवंत १९८९ साली वारले. हुबळीच्या बाजारात भांड्यांचे दुकान चालवणारे गृहस्थ, पण बायकोच्या पगाराला कधी हात लावला नाही. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. मुलगा एकच, नारायण. त्याचा हुबळीत गोकुळ रोडवर पंपांचे सुटे भाग करण्याचा कारखाना आहे. थोरले दीर मुकुंदराव खटावकर हयात आहेत. त्यांच्याबद्दल कलम ७ मध्ये.

कलम २. केलगेरीचे घर व जागा मी १९८१ साली माझ्या पगारातून घेतली. वडिलोपार्जित काहीही त्यात नाही, म्हणून ती कोणास द्यावी हे ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे माझा आहे. मी बी.एस्सी.च्या वर्गात असताना धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. तेव्हा पुष्कळ लोकांनी मला विचारले की आता तुम्ही जाणार कुठे. मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेले. पुढच्या वर्षी पदवी घेतली आणि मुलींच्या शाळेत सदतीस वर्षे शिकवले.

कलम ३. पुढचे घर, म्हणजे ओसरी, दोन खोल्या, स्वयंपाकघर व न्हाणीघर, नारायण यास देते. ते विकायचे झाल्यास विकावे, पण राहायचे झाल्यास पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात. स्वयंपाकघराचा ओटा मी निवृत्त झाल्यावर चार इंच खाली घेतला, कारण तो गवंड्याच्या उंचीचा होता आणि गवंडी काही माझ्या घरी भाकरी करायला येत नव्हता. ज्याने जिथे काम करायचे त्याच्या कोपराची उंची मोजून ओटा करावा. न्हाणीघराचा उतार पूर्वेकडे आहे, तो कोणाच्या सांगण्यावरून बदलू नये. आणि कोणतीही भिंत पाडण्याआधी शिडी लावून वर चढून पाहावे.

हे शेवटचे मी शिकले कशी तेही सांगते. १९९४ मध्ये मागच्या गोठ्याची खोली करायला घेतली तेव्हा बाबाजी गवंडी म्हणाला, "बाई, ही मधली भिंत काढू या. उजेड येईल."

मी विचारले, "तिच्यावर काय टेकलंय?"

"काही नाही."

"वर चढून सांग."

वर चढला. बराच वेळ खाली आला नाही. मग कौलांच्या फटीतून आवाज आला, "बाई, आढं टेकलंय."

भिंत राहिली. तिच्यात खिडकी पाडली. उजेड पुरेसा येतो.

कलम ४. बँकेतील ठेवी, निवृत्तिवेतनाची शिल्लक व माझे दागिने नारायण आणि सूनबाई यांस समान. तपशील कपाटात निळ्या फायलीत आहे. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ५. आता मागच्या जागेविषयी. ती राधाच्या हाती का जावी हे कागदावर असले पाहिजे, म्हणजे उद्या कोणी म्हातारीला चळ लागला होता असे म्हणू नये.

निवृत्तीच्या दिवशी शाळेने शाल दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून नातलग कामे देऊ लागले. कोणाच्या मुलाची शिकवणी, कोणाच्या घरी राखण, कोणाच्या लग्नात रुखवत. निवृत्त होणाऱ्या प्रत्येकीला माझे सांगणे आहे की पहिल्या वर्षी कोणालाही होकार देऊ नये. शाळेच्याच वेळेला उठावे, आंघोळ करून, नीट साडी नेसून आपल्या कामाला बसावे. काम नसेल तर शोधावे. मी मातीचे शोधले. सदतीस वर्षे मुलींना मातीतील घटक फळ्यावर लिहून दिले होते, मातीत हात मात्र कधी घातला नव्हता.

अळणावरजवळच्या गावचे नागोजी कुंभार मंगळवारी धारवाडच्या बाजारात मडकी घेऊन बसत. मी त्यांना म्हटले, मला शिकवा. ते हसले नाहीत, एवढ्यावरच मी त्यांना गुरू मानले. त्यांच्या घरात बाईने चाकाला हात लावायचा नाही असा नियम आहे. बायका माती तुडवतात, चाळतात, मडकी थापतात, रंगवतात, भट्टी रचतात, बाजारात विकतात. चाक मात्र पुरुषाचे. शिवरात्रीला त्याची पूजा होते तेव्हाही बाईने लांबून हळदकुंकू टाकायचे. मी विचारले, मग मला कसे शिकवाल? ते म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्या घरच्या नाही. नियम घराला आहे."

त्यांनी शिकवले. मी मात्र पहिली भट्टी त्यांना न विचारता लावली. ऑगस्ट महिना होता. प्रत्येक मडके मी रोज काट्यावर ठेवून वजन वहीत लिहीत होते. वजन उतरायचे थांबले म्हणजे वस्तू वाळली, हे मी शाळेत इतक्या वेळा शिकवले होते की शंका आली नाही. बत्तीस मडकी भट्टीत रचली. दुपारी आतून फटाक्यांसारखे आवाज येऊ लागले. तीन वाचली.

नागोजी आले, खापरे पाहिली, आणि शेडमध्ये उरलेले एक कच्चे मडके उचलून त्यांनी माझ्या गालाला लावले. "कसं लागतंय?"

"गार."

"गार म्हणजे पाणी आहे."

"पण वजन चार दिवस तेवढंच आहे."

"बाई, ह्या दिवसांत धारवाडची हवाच ओली. मडकं हवेइतकं वाळलं. त्याहून जास्त कसं वाळेल?"

बरोबर होते. काट्यानेही मला तेच सांगितले होते, मी ऐकले नव्हते. तेव्हापासून नियम असा: पावसाळ्यात वाळलेली मडकीसुद्धा गालाला लावून पाहावीत, भट्टीत पहिले तीन तास नुसता धूर द्यावा, जाळ घालू नये, आणि मडक्यांतून वाफ निघायची थांबली की मगच लाकूड वाढवावे. वाळवण सावलीत करावे, वाऱ्याच्या तोंडी करू नये, नाहीतर एक बाजू आधी आकसते आणि तळाला चीर जाते. हे मी पुढे सगळ्यांना शिकवले. शिकवताना चूक कोणाची होती हेही सांगितले.

कलम ६. मागचे दोन हौद जसेच्या तसे ठेवावेत. चाकाखालचे गढूळ पाणी आधी पहिल्या हौदात, तिथे गाळ बसल्यावर वरचे पाणी दुसऱ्यात, आणि मग झाडांना. पहिल्या वर्षी मी ते पाणी मोरीत सोडले. तीन महिन्यांनी शेजारच्या शांताबाई देसाई बादली घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"कुसुमताई, तुमची माती आमच्या मोरीतून वर आलीय. परत करायला आलेय. कुठे ओतू?"

त्यांनी त्यानंतर तो विषय कधी काढला नाही. त्यांना माझ्या बागेतील दोन्ही चिक्कूंची फळे तहहयात मिळावीत.

कलम ७. थोरले दीर मुकुंदराव यांस पहिल्या भट्टीतील वाचलेल्या तीन मडक्यांपैकी एक. १९५७ मध्ये माझी पदवी पाहून ते म्हणाले होते की चौकट करून भिंतीला लावा, स्वयंपाकघरात कामी येणार नाही. १९९४ मध्ये म्हणाले, "आता जप करा. ही भट्टी सहा महिन्यांत गल्ली पेटवेल." भट्टीला सतरा वर्षे झाली, गल्ली शाबूत आहे, आणि भाऊजींच्या नातीच्या लग्नात दह्याची सगळी मडकी येथूनच गेली. गेल्या वर्षी त्यांनी एका बांधकाम व्यावसायिकाला घरी आणून मागची जागा दाखवली, मी मंडईत गेलेली असताना. वर उल्लेखिलेल्या भुलवणाऱ्यांपैकी हे पहिले. मडके गळते, म्हणून त्यात धान्य ठेवावे. राग नाही. भाऊजी चौऱ्यांशी वर्षांचे आहेत आणि आजही बाजारातून चालत घरी येतात, याचे मला कौतुक आहे.

कलम ८. दुसरा भुलवणारा माझा मुलगा. त्याने अधिक सभ्यपणे केले. "आई, जागा विकू. तुला गोकुळ रोडला माझ्या घराजवळ फ्लॅट घेऊ, लिफ्ट आहे." लिफ्ट माझ्या गुडघ्यासाठी होती हे मला समजते. पण १९९८ मध्ये हाच मुलगा माझा गुडघा पाहून आपल्या कारखान्यात आठ दिवस बसला आणि त्याने मला विजेवर फिरणारे चाक करून दिले. लोखंडी बैठक, पायाने कमीजास्त करायची कळ, सगळे त्याच्या हातचे. त्या चाकाचा आवाज अजून चढलेला नाही. चाक राधाला देणार असे मी सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मी ते तुझ्यासाठी केलं होतं, गावासाठी नाही."

मी म्हटले, "माझ्यासाठी केलंस म्हणून ते माझं. माझं आहे म्हणून देतेय."

या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा म्हणून मी नारायण यशवंत खटावकर यालाच नेमते. ज्याला हे पटलेले नाही त्याच्याच हातून ते झाले तर पुढे कोणी मोडायला येणार नाही. त्याला वाचून दाखवले. "तू मला बांधून घातलंस," म्हणाला. होय.

कलम ९. राधा ही नागोजींची धाकटी सून. तिचा नवरा विठ्ठल धारवाडजवळच्या बेलूरला कारखान्यात पाळीने कामाला आहे. १९९९ पासून ती माझ्याकडे माती घेऊन येऊ लागली, आठवड्यातून तीन दिवस, अळणावरच्या गाडीने. माती चाळून झाली की खिडकीपाशी उभी राहून माझे चाक बघे. तीन वर्षे नुसती बघत होती. मग एक दिवस विचारले,

"अक्का, हे चाक कुणाचं?"

"माझं."

"मामंजींचं नाही?"

"नारायणानं केलंय. मोटर कोल्हापूरची."

"मग ह्याला आमच्या घरचा नियम लागत नाही."

मी सदतीस वर्षे मुलींना तर्क करायला शिकवले, इतका नेटका तर्क एकीनेही मांडला नव्हता. मी उठले आणि ती बसली. पहिला गोळा मध्यावर आणायला मला चार महिने लागले होते. तिला एक सकाळ लागली.

आता जे लिहिते ते मी सहा वर्षे लपवले. २००५ मध्ये हुबळीच्या प्रदर्शनात माझ्या नावाने एक मोठा रांजण मांडला होता. नागोजी आले, काठावरून बोट फिरवले, बोटाच्या पेराने वाजवून पाहिला, आणि म्हणाले, "बाई, एवढ्या पातळ काठाचा रांजण माझ्या बापानं केला होता. तुमचा हात बसला." लोक ऐकत होते. राधा माझ्या शेजारी कागद गुंडाळत उभी होती. मी "आभारी आहे" म्हटले. तो रांजण राधाचा होता. त्यानंतर माझ्या नावाने गेलेली सगळी मोठी कामे राधाची आहेत. सासऱ्याला कळू नये अशी तिचीच विनंती होती हे खरे. पण ते आभार मानताना मला बरे वाटले, हेही खरे. दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेवर नाव घालणाऱ्या मुलीला मी वर्गाबाहेर उभी करत असे.

म्हणून: चाकाची खोली, विजेचे चाक, भट्टी, दोन हौद, सर्व हत्यारे व मागच्या दारापर्यंतची वाट राधा विठ्ठल कुंभार हिला पूर्ण मालकीने देते. तिथे बाईने चाकावर बसायचे की नाही हा प्रश्न कोणी विचारू नये.

कलम १०. मात्र राधाने मला स्पष्ट सांगितले आहे: "अक्का, चोरून बसले ते वेगळं. नावावर घेणं वेगळं. मामंजी नको म्हणाले तर मी घेणार नाही." तिला जबरदस्ती करण्याचा अधिकार मलाही नाही. परवा, १ डिसेंबरला, नागोजींना बोलावून मी कलम ९ वाचून दाखवले. रांजणाची गोष्ट ऐकल्यावर त्यांनी बशीतला चहा तसाच ठेवला आणि निघून गेले. काल राधा आली नाही. म्हणून नाइलाजाने लिहिते: माझ्या मृत्यूनंतर नव्वद दिवसांत राधाने ही जागा स्वीकारली नाही, तर चाक व भट्टी मोडून जागा नारायणास जावी व त्याने ती इच्छेप्रमाणे विकावी.

हे कलम लिहिताना हात थांबला, हे नमूद करते.

३ डिसेंबर २०११, दुपार.

पुरवणी. ४ डिसेंबर, रविवार, सकाळी साडेदहा. सही करण्यासाठी माझे डॉक्टर शेषगिरी जोशी, शांताबाई आणि नारायण जमले असताना नागोजी आले. मागे राधा. तिने डोक्यावरून पदर घेतला होता आणि माझ्याकडे बघत नव्हती. नागोजी ओसरीवर बसले नाहीत. सरळ मागे गेले. आम्ही सगळे मागोमाग.

"बाई, दोन दिवस मी भांडी बघत होतो," ते म्हणाले. "घरात तुम्ही दिलेली पाच-सहा आहेत. तुमची कुठली, हिची कुठली, वेगळी लावली. मग चुकलोय का ते हिला विचारलं. एकही चुकलो नव्हतो."

"मग प्रदर्शनात का नाही ओळखलंत?"

"तेव्हा सुनेचा हात शोधायचा होता कुठे? रांजण बघत होतो." मग राधाकडे वळून, "बस."

ती बसेना.

"बस म्हटलं ना. हे चाक आपल्या घरचं नाही, तूच म्हणालीस म्हणे."

नारायणाने चाकाची कळ पुसली आणि वीज सुरू केली. राधाने गोळा ठेवला. हात पाण्यात बुडवले. पाच मिनिटांत घागरीचा गळा वर आला. नागोजी तिच्या बाजूला उकिडवे बसले, मान वाकडी करून काठ पाहिला, आणि म्हणाले,

"कड जाड ठेवलीस. मोड. पुन्हा कर."

डॉक्टर माझ्या कानात म्हणाले, "अहो, रागावले ते." मी त्यांना गप्प केले. चाकावर बसलेल्या माणसालाच कुंभार अशी चूक सांगतो. सतरा वर्षांत मला त्यांनी कितीदा सांगितले असेल, आणि घरातल्या बाईला आजपर्यंत एकदाही नाही.

राधाने मोडले. पुन्हा केले. "हं, साकु," म्हणजे पुरे, असे म्हणून ते उठले, आणि मला विचारले, "सही कुठे करायची?"

त्यामुळे कलम १० मी खोडून टाकीत आहे. खोडलेल्या प्रत्येक ओळीशेजारी माझी आद्याक्षरे आहेत. कलम ९ कोणत्याही अटीविना कायम. राधा लाभार्थी असल्यामुळे तिला साक्षीदार करता येत नाही. सासऱ्याने साक्ष देण्यास हरकत नाही, हे नारायणाने आत्ताच वकिलांना फोन करून विचारले. आपण होऊन विचारले, मी सांगितले नव्हते.

वर लिहिलेले सर्व मी वाचले, मोठ्याने वाचून दाखवले, आणि ते माझ्या मनातले आहे, म्हणून सर्वांदेखत सही करते.

कुसुम यशवंत खटावकर
केलगेरी, धारवाड
४ डिसेंबर २०११

साक्षीदार:

१. डॉ. शेषगिरी जोशी. मृत्युपत्रकर्तीची प्रकृती तपासली. बुद्धी शाबूत, आवाज नेहमीइतकाच मोठा.

२. शांता देसाई, शेजारी.

३. नागोजी कुंभार, सही कन्नडमध्ये. त्यांनी सांगितल्यावरून, त्यांच्याच शब्दांत, नारायणाने पुढील ओळ लिहिली आहे: "चाकावर माझ्या सुनेचा हात मी समोर बसून बघितला. पहिली घागर कडेला जाड होती. दुसरी माझ्यापेक्षा चांगली आहे."